संस्थानांच्या सीमा आणि प्रवाशाचें शस्त्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत फौजदारी कायदा हा मुख्यतः ज्या त्या संस्थानाच्या अखत्यारींतील विषय आहे. चोरी, मारामारी, खून यांसंबंधींचे कायदे प्रत्येक संस्थान स्वतः करतें. या पन्नास संस्थानांच्या कायद्यांत पुष्कळ साम्य असल्यामुळें सामान्य प्रवाशास सीमा ओलांडल्याची जाणीवही होत नाहीं. परंतु एका बाबतींत मात्र ही सीमा तटबंदीसारखी उभी राहते. ती बाब म्हणजे अंगावर लपवून बाळगलेलें पिस्तूल.

पेन्सिल्व्हेनिया व न्यू जर्सी या दोन संस्थानांमध्यें डेलावेअर नांवाची नदी वाहते. तिच्यावरील पूल मोटारीनें ओलांडावयास कांहीं मिनिटें पुरतात. पुलाच्या पश्चिमेकडे परवान्यानिशीं पिस्तूल बाळगणारा गृहस्थ निर्दोष नागरिक असतो. तोच पुलाच्या पूर्वेकडे उतरला कीं दीर्घ कारावासाच्या शिक्षेस पात्र ठरूं शकतो. त्याच्या हेतूंत कांहीं फरक पडलेला नसतो, आणि त्याच्या पिस्तुलांतही नसतो. असें असतां एका अदृश्य रेषेस एवढें सामर्थ्य कोठून आलें, हें समजण्यासाठीं दोनशें वर्षांहून अधिक मागें जावें लागतें.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ सालीं तयार झाली व तिच्या पहिल्या दहा दुरुस्त्या १७९१ सालीं अमलांत आल्या. त्यांपैकीं दुसऱ्या दुरुस्तींत लोकांच्या शस्त्रें बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख आहे. परंतु हा हक्क कोणाविरुद्ध सांगावयाचा, हा खरा प्रश्न होता. १८३३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, या दुरुस्त्यांचें बंधन केवळ मध्यवर्ती सरकारावर आहे, संस्थानांवर नाहीं. म्हणजे आपल्या हद्दींत कोणी कोणतें शस्त्र कसें बाळगावें, हें ठरविण्यास प्रत्येक संस्थान मोकळें राहिलें. त्याच्यावर बंधन असलेंच तर तें त्याच्या स्वतःच्या घटनेचें.

ह्या मोकळिकीचा उपयोग प्रथम दक्षिणेकडील व पश्चिमेकडील नव्या वसाहतींनीं केला. १८१३ सालच्या फेब्रुवारींत केंटकी संस्थानानें एक कायदा केला. खिशांतील पिस्तूल, खंजीर, मोठा सुरा अथवा काठींत दडविलेली तलवार जो कोणी लपवून बाळगील, त्यास निदान शंभर डॉलर दंड व्हावा, असें त्यांत सांगितलें होतें. त्याच वर्षीं लुइझियानानेंही असाच कायदा केला. त्या काळच्या समाजाची समजूत अशी होती कीं, शस्त्र उघडपणें कमरेस लावणारा मनुष्य इतरांस सावध करतो. लपविणारा मात्र दगा देण्याची तयारी ठेवतो. जुगाराच्या अड्ड्यांत व दारूच्या गुत्त्यांत शब्दानें शब्द वाढून क्षणांत प्राण जात, त्यांत अशा लपविलेल्या हत्यारांचा वांटा मोठा होता. म्हणून कायद्याचा रोख शस्त्रावर नसून शस्त्र लपविण्यावर होता.

परंतु केंटकीच्या ह्याच कायद्यांत एक अपवाद होता, आणि प्रस्तुत विषयाचें मूळ त्या अपवादांत आहे. प्रवासास निघालेल्या मनुष्यास ही बंदी लागू नव्हती. इंडियाना संस्थानानेंही १८२० सालच्या आपल्या कायद्यांतून प्रवाशांस वगळलें. यामागील विचार सरळ होता. आपल्या गांवांत मनुष्यास शेजारी असतात, ओळखीचे लोक असतात, हांकेच्या अंतरावर मदत असते. अरण्यांतील वाटेवर यांपैकीं कांहींच नसतें. तेथें वाटमाऱ्यांची भीति मात्र असते. म्हणून स्वतःच्या गांवांत जें कृत्य दंडास पात्र, तेंच परक्या मुलखांतील वाटेवर क्षम्य मानलें गेलें. आजची स्थिति याच्या अगदीं उलट आहे. आज घराच्या आसपास शस्त्र बाळगण्याची मुभा मिळते व परक्या संस्थानांत शिरतांच ती नाहींशी होण्याचा संभव असतो. प्रवाशाचा अपवाद जाऊन प्रवाशाचीच अडचण कशी झाली, हाच या इतिहासाचा मुख्य धागा आहे.

केंटकीचा कायदा फार दिवस टिकला नाहीं. काठींत तलवार लपविल्याबद्दल दंड झालेल्या एका आरोपीनें अपील केलें, आणि १८२२ सालीं केंटकीच्या अपील न्यायालयानें तो कायदा संस्थानाच्या घटनेविरुद्ध ठरविला. तेव्हां केंटकीच्या लोकांनीं १८५० सालच्या आपल्या नव्या घटनेंत लपविलेल्या शस्त्रांस बंदी करण्याचा अधिकार कायदेमंडळास स्पष्ट शब्दांत दिला. इतर संस्थानांतील न्यायालयांनीं मात्र प्रथमपासूनच असे कायदे बहुधा उचलून धरले. १८४० सालीं अलाबामाच्या, १८४६ सालीं जॉर्जियाच्या व १८५० सालीं लुइझियानाच्या न्यायालयांनीं हाच मार्ग धरला. सरकारनें शस्त्र लपविण्यास बंदी करावी, परंतु उघडपणें बाळगण्याचा मार्ग सर्वस्वीं बंद करूं नये, असा त्यांच्या निकालांचा सारांश होता. १८९७ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेंही एका खटल्यांत ओघानें म्हटलें कीं, लपविलेल्या शस्त्रांवरील बंदीनें दुसऱ्या दुरुस्तीचा भंग होत नाहीं.

प्रवाशास सूट द्यावयाची हें ठरलें. पण प्रवासी कोणास म्हणावें? बाजाराच्या गांवीं जाऊन सायंकाळीं परतणारा शेतकरी प्रवासी कीं नव्हे? वाटेंत दोन दिवस मुक्काम केला तर प्रवास मोडला कीं चालू राहिला? टेक्सास संस्थानानें १८७१ सालीं पिस्तुलें बाळगण्यावर कडक बंधन घातलें आणि प्रवाशांस त्यांतून वगळलें. परंतु प्रवासी या शब्दाची व्याख्या केली नाहीं. मग पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ तेथील न्यायालयें अंतर किती, वेळ किती, वाहन कोणतें, याचा खल करीत बसलीं. एका न्यायाधीशास जो प्रवास वाटे, तो दुसऱ्यास वाटत नसे. अखेरीस २००५ सालीं, कांहीं अटी पाळून खासगी मोटारींतून जाणारा मनुष्य प्रवासी समजावा, असें गृहीत धरणारा कायदा तेथें झाला, आणि २००७ सालीं मोटारींत पिस्तूल ठेवण्यास सर्वसाधारण मुभा मिळाली.

मिसिसिपीच्या १८७८ सालच्या कायद्यांतील एक तपशील तर फार बोलका आहे. त्यांत प्रवाशास सूट होती, परंतु तो भटका नसावा अशी अट होती. म्हणजे ज्याच्याजवळ घर आणि पैसा, तो प्रवासी. आणि ज्याच्याजवळ दोन्ही नाहीं, तो भटका! यादवी युद्ध संपून गुलामगिरी नुकतीच नष्ट झाली होती. काम शोधीत गांवोगांव हिंडणाऱ्या मनुष्यांत नुकत्याच मुक्त झालेल्या नीग्रो मजुरांचा भरणा होता. त्याच मिसिसिपीनें १८६५ सालीं, मुक्त झालेल्या गुलामांनीं परवान्याशिवाय शस्त्र बाळगूं नये, असा उघड भेदाचा कायदा केला होता. पुढें घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीनें सर्वांस कायद्याचें समान संरक्षण दिल्यावर असे उघड भेद करतां येईनात. तेव्हां शब्द सर्वांस सारखे आणि अंमल मात्र माणूस पाहून, अशी रीत पडली. फ्लोरिडानें १८९३ सालीं परवान्याचा कायदा केला. त्याविषयीं १९४१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशानें निकालपत्रांत नमूद केलें कीं, हा कायदा नीग्रो मजुरांस निःशस्त्र करण्यासाठीं झाला होता व गोऱ्या लोकांस तो लावण्याचा हेतूच नव्हता. शस्त्राच्या कायद्याचा इतिहास वाचतांना हें पान वगळून चालत नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रश्नाचें स्वरूप पालटलें. शहरें फुगलीं, स्वस्त पिस्तुलें कोणाच्याही खिशांत मावूं लागलीं. १९११ सालच्या जानेवारींत न्यू यॉर्क शहरांत डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स या प्रसिद्ध कादंबरीकारास भर दिवसां रस्त्यावर गोळ्या घालण्यांत आल्या. त्याच वर्षीं टिमथी सलिव्हन या प्रतिनिधीच्या पुढाकारानें न्यू यॉर्क संस्थानांत नवा कायदा झाला. लपवून ठेवण्याजोगें पिस्तूल जवळ असावयाचें तर परवाना पाहिजे, तो नसेल तर शिक्षा, असें त्याचें स्वरूप होतें. १९१३ सालीं त्यांत आणखी एक अट आली. पिस्तूल घेऊन हिंडण्यास योग्य कारण आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच परवाना मिळावयाचा. योग्य कारण कोणतें, हें ठरविणें सर्वस्वीं अधिकाऱ्याच्या मनावर राहिलें.

येथें जुनी व्यवस्था आणि नवी व्यवस्था यांतील भेद लक्षांत घेतला पाहिजे. जुना कायदा एका कृत्यास मनाई करी व प्रवाशास वगळी. नवा कायदा माणसाची आगाऊ पारख करून त्यास कागद देतो. आणि कागद म्हटला कीं तो कोणी दिला, हा प्रश्न आलाच. न्यू यॉर्कच्या अधिकाऱ्यानें ज्याची पारख केलेली नाहीं, त्यास न्यू यॉर्कच्या रस्त्यावर मुभा कां द्यावी, असें ते म्हणणार. दुसऱ्या संस्थानाचा परवाना तेथें निव्वळ कागदाचा कपटा ठरला. याच सुमारास मोटारीही झपाट्यानें वाढल्या. ज्या काळांत मनुष्य एका दिवसांत तीन तीन संस्थानें ओलांडूं लागला, नेमक्या त्याच काळांत प्रत्येक संस्थानाचा परवाना स्वतःच्या कुंपणांत बंदिस्त झाला.

मध्यवर्ती सरकारानें या क्षेत्रांत पाऊल टाकलें तें टपाल, कर व आंतरसंस्थानीय व्यापार या आपल्या अधिकारांच्या वाटेनें. १९२७ सालीं पिस्तुलें सामान्य ग्राहकांस टपालानें पाठविण्यास बंदी झाली. दारूबंदीच्या काळांत टोळीवाल्यांनीं यांत्रिक बंदुकांचा जो धुमाकूळ घातला, त्यामुळें १९३४ सालीं अशा बंदुकांच्या हस्तांतरावर दोनशें डॉलरांचा जबर कर बसला. १९६३ सालीं अध्यक्ष केनेडी आणि १९६८ सालीं मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले. त्यानंतर १९६८ च्या कायद्यानें एका संस्थानांतील मनुष्यानें दुसऱ्या संस्थानांत पिस्तूल विकत घेण्यावर निर्बंध आले. पण हे सर्व कायदे खरेदीविक्रीचे. प्रवाशाच्या खिशाचा प्रश्न अजून संस्थानांच्याच हातीं होता.

त्या प्रश्नास काँग्रेसनें हात घातला तो १९८६ सालीं. अध्यक्ष रेगन यांनीं १९ मे रोजीं सही केलेल्या कायद्यांत प्रवाशांसाठीं एक कलम आहे. जेथून निघावयाचें तेथें आणि जेथें पोंचावयाचें तेथें शस्त्र बाळगणें कायदेशीर असेल, तर मधल्या संस्थानाचा कायदा कांहींही असो, प्रवाशास तें शस्त्र घेऊन पलीकडे जातां यावें, असा त्याचा आशय आहे. परंतु अटी कडक आहेत. शस्त्र भरलेलें असतां कामा नये. शस्त्र व काडतुसें हीं दोन्ही प्रवासी बसतात तेथून सहज हाताशीं येतां कामा नयेत. गाडीस सामानाचा वेगळा कप्पा नसेल, तर तीं कुलूपबंद पेटींत ठेवलीं पाहिजेत, आणि गाडीच्या पुढील भागांतील लहान खण ही अशी पेटी समजली जात नाहीं.

ह्या अटी वाचल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. हा कायदा शस्त्र वाहून नेण्याचा आहे. अंगावर बाळगण्याचा नाहीं. केंटकीच्या जुन्या कायद्यानें प्रवाशास वाटेंत स्वसंरक्षण करतां यावें म्हणून सूट दिली होती. १९८६ च्या कायद्यानें प्रवाशास संरक्षण दिलें खरें. पण तें वाटमाऱ्यापासून नव्हे, तर वाटेंतील संस्थानाच्या फौजदारापासून. शस्त्र स्वतः मात्र कुलपांत निद्रिस्त राहावयाचें.

आणि हें संरक्षणही किती नाजूक आहे, हें एका खटल्यानें दाखविलें. एक प्रवासी आपलें पिस्तूल रीतसर जाहीर करून, कुलूपबंद पेटींत घालून, विमानानें निघाला. पुढचें वाहन चुकल्यामुळें त्यास न्यू जर्सींत एक रात्र काढावी लागली आणि सामान त्याच्या ताब्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं विमानतळावर त्यानें स्वतःच पिस्तुलाची माहिती दिली, तेव्हां त्यास अटक झाली. पुढें आरोप मागें घेण्यांत आला. तथापि अटकेबद्दल त्यानें केलेला दावा २०१० सालीं मध्यवर्ती अपील न्यायालयानें फेटाळला. मुक्कामाच्या रात्रीं पिस्तूल त्याच्या हाताशीं येण्याजोगें होतें, म्हणून कायद्याचें छत्र त्या रात्रीपुरतें उडालें, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. प्रवास केव्हां मोडतो, हा टेक्सासचा जुना प्रश्न अशा रीतीनें नव्या वेषांत पुन्हां उभा राहिला.

दरम्यान संस्थानांच्या धोरणांतही मोठें स्थित्यंतर झालें. १९८७ सालीं फ्लोरिडानें असा कायदा केला कीं, ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्यास परवाना दिलाच पाहिजे. अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न उरूं नये. हा कित्ता पुष्कळ संस्थानांनीं गिरविला. व्हर्मोंटांत तर असा परवाना कधींच लागत नव्हता. अलास्कानें २००३ सालीं व ॲरिझोनानें २०१० सालीं परवान्याची सक्ति काढून टाकली, आणि २०२४ च्या अखेरीपर्यंत अशा संस्थानांची संख्या २९ वर गेली. कित्येक संस्थानांनीं परस्परांचे परवाने मान्य करण्याचे करार केले. तथापि हे करार सर्वत्र सारखे नाहींत. अ ने ब चा परवाना मानला म्हणून ब अ चा मानीलच असें नाहीं. आणि न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया यांसारखीं संस्थानें परक्या परवान्यास मुळींच थारा देत नाहींत. मध्यवर्ती कायद्याचाही एक खोडा आहे. शाळेच्या आवारापासून एक हजार फुटांच्या आंत पिस्तूल नेण्यास बंदी आहे, व तींतून सूट मिळते ती ज्या संस्थानांत ती शाळा असेल त्याच संस्थानाचा परवाना असलेल्यास. गांवांतून जाणारा कोणता रस्ता शाळेजवळून जात नाहीं?

विवाहाचा दाखला व मोटार चालविण्याचा परवाना एका संस्थानाचे दुसऱ्यांत चालतात. मग पिस्तुलाचाच कां चालूं नये, असें कांहीं जण विचारतात. २००४ सालीं काँग्रेसनें पोलीस अधिकाऱ्यांपुरती, त्यांत निवृत्त अधिकारीही आले, अशी देशभर मुभा दिली. सामान्य नागरिकांसाठींचें विधेयक ६ डिसेंबर २०१७ रोजीं प्रतिनिधिगृहांत २३१ विरुद्ध १९८ मतांनीं संमत झालें. परंतु सेनेटनें तें पुढें नेलें नाहीं. विरोधकांचा मुद्दा असा कीं, सर्वत्र एकच परवाना चालूं लागला तर ज्या संस्थानाचे नियम सर्वांत ढिले, त्याचेच नियम साऱ्या देशास लागू होतील. एखाद्या दाट वस्तीच्या शहरानें आपल्या रस्त्यांच्या सुरक्षिततेविषयीं केलेला निर्णय दूरच्या विरळ वस्तीचें संस्थान उधळून लावील.

न्यायालयांतही वारें फिरलें. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घरांत स्वसंरक्षणार्थ पिस्तूल ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला, आणि २०१० सालीं तो संस्थानांवरही बंधनकारक ठरविला. १८३३ सालचा मोकळेपणा या बाबतींत संपला. २३ जून २०२२ रोजीं सहा विरुद्ध तीन मतांनीं त्या न्यायालयानें न्यू यॉर्कची ‘योग्य कारणा’ची अट रद्द केली. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेली अधिकाऱ्याची मर्जी गेली. पण परवान्याची पद्धत राहिली, आणि परक्या संस्थानाचा परवाना मानावाच असें त्या निकालानें सांगितलें नाहीं. ती अदृश्य रेषा पुसट झाली, नाहींशी झाली नाहीं.

भारतानें हा प्रश्न अगदीं निराळ्या रीतीनें सोडविला, आणि तो इतिहास येथें ताडून पाहण्याजोगा आहे. परकीय सरकारच्या १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें लोकांस निःशस्त्र केलें, हें शल्य राष्ट्रीय चळवळीच्या मनांत खोल रुतलें होतें. म्हणूनच १९३१ सालच्या कराची काँग्रेसच्या ठरावांत, नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या हक्कांत नमूद झाला. १९४८ च्या डिसेंबरांत घटनासमितींत ह. वि. कामत यांनीं तो मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना आणली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं तिला विरोध केला. वाटेल त्यानें बाजारांत जाऊन शस्त्रें घ्यावीं असा हक्क दिल्यास राज्यकारभार चालविणें अशक्य होईल, असा त्यांचा अभिप्राय होता. सूचना नामंजूर झाली. शस्त्रास्त्रांचा विषय मध्यवर्ती सरकारच्या यादींत गेला, आणि १९५९ चा एकच कायदा सर्व देशास लागू झाला. परवान्याचें क्षेत्र त्या परवान्यावरच लिहिलेलें असतें. महाराष्ट्रांतून कर्नाटकांत जाणाऱ्यास आपला कागद वाचला म्हणजे आपली मर्यादा कळते. अमेरिकन प्रवाशास मात्र आपला कागद वाचून भागत नाहीं. वाटेंतील प्रत्येक संस्थानाचा कायदा वाचावा लागतो.

या साऱ्या वादांत दोन तत्त्वें समोरासमोर उभीं आहेत, आणि दोन्ही आदरास पात्र आहेत. नागरिकाचा हक्क एका पुलाच्या लांबीइतक्या अंतरांत गुन्हा होऊं नये, हें एक. आपल्या गल्लींत कोणी शस्त्र घेऊन हिंडावें हें ठरविण्याचा अधिकार त्या गल्लींत राहणाऱ्या लोकांस असावा, हें दुसरें. पहिल्याचा अतिरेक झाला तर स्थानिक स्वराज्य नांवापुरतें उरतें. दुसऱ्याचा झाला तर एक राष्ट्र म्हणजे पन्नास नाकीं होऊन बसतात. १८१३ सालच्या केंटकीच्या खेडवळ कायदेमंडळानें चार शब्दांच्या अपवादानें हा तोल साधण्याचा प्रयत्न केला होता. त्या चार शब्दांच्या जागीं आज शेंकडों कलमें आलीं आहेत, आणि प्रवाशास तीं सर्व माहीत असावींत अशी कायद्याची अपेक्षा आहे. कायदा माहीत नव्हता, ही सबब कोणतेंही न्यायालय ऐकून घेत नाहीं. म्हणून तेथील सुज्ञ प्रवासी निघण्यापूर्वीं नकाशाबरोबर कायद्याचें पुस्तकही पाहतो, आणि शंका आली तर पिस्तूल घरीं ठेवतो.